झूम एच१ इसेन्शियल : एक टँकर, एक घागर आणि शब्द शून्य

टँकरच्या पाइपाखाली घागर धरली की नजर दुसरीकडे असली तरी चालतं. धार तळावर आपटते तेव्हा आवाज खोल आणि पसरट असतो. पाणी चढेल तसा तो बारीक होत वर जातो, आणि गळ्यापाशी आला की हात आपोआप पाइप पुढच्या घागरीत टाकतो. मराठवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या शाळकरी पोरालाही ही चढण पाठ असते. आता ही चढण निम्म्याच्या थोडी वर गेल्यावर धार तुटली असं समजा. चार-दोन थेंब. मग इंजिनाचा स्टार्टर. ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळलं.

निवेदक नाही, संवाद नाही, मागे बासरी नाही. नुसत्या आवाजातून तीन मिनिटांची गोष्ट उभी करायची असेल तर झूम कंपनीचा एच१ इसेन्शियल हा छोटा रेकॉर्डर किती कामाचा, हे या परीक्षणात टँकरच्याच गोष्टीवर घासून पाहिलं आहे. निकाल आधीच सांगतो: घ्यावा. पण खिशातले सगळे पैसे त्याच्यावर घालवू नयेत. केसाळ विंडस्क्रीन (माइकवर चढवायची वारा अडवणारी टोपी), कान झाकणारा वायरचा हेडफोन आणि छोटी तिपाई यांचे पैसे बाजूला काढून उरतील त्यात तो बसत असेल तरच घ्यावा. आवाज किती मोठा किंवा लहान येतोय याची काळजी हे यंत्र तुमच्या डोक्यावरून उतरवतं. किती लांब उभं राहायचं हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि अशा गोष्टीत निम्मं सांगणं तिथंच होतं.

आधी यंत्र. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत १०० डॉलरच्या आत आलेला हा रेकॉर्डर आहे. दोन 'एएए' सेल, मायक्रोएसडी कार्ड, टाइप-सी पोर्ट, खाली तिपाईसाठी नेहमीचा पाव इंची आटा. वर दोन माइक एकमेकांशी ९० अंशांत, म्हणजे ज्याला एक्स-वाय मांडणी म्हणतात ती. बाहेरचा माइक लावायला ३.५ मिमीचं भोक, हेडफोनला तसंच दुसरं. ब्लूटूथ नाही, आणि नाही ते बरंच आहे. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो. टँकर थांबल्यावर अर्ध्या ठोक्याने तो थांबल्याचं कानाला कळलं तर काम कसं करायचं?

खरी गंमत एकाच गोष्टीत आहे. रेकॉर्डिंगची पातळी ठरवायचं चक्र यात नाहीच. सगळं '३२-बिट फ्लोट' या प्रकारच्या वेव्ह फाइलमध्ये जातं. जुन्या रेकॉर्डरवर पातळी आधी लावावी लागते: हळू आवाजासाठी वर चढवली की अचानक हंडे आपटल्यावर आवाज फाटतो, हंड्यांसाठी खाली आणली की चपलांची चाहूल खरखरीत बुडते. फ्लोटमध्ये दोन्ही फाइलमध्ये शाबूत राहतं. घरी येऊन चाहूल वर ओढा, आदळआपट खाली आणा. टँकरच्या आधीची शांतता आणि नंतरची झुंबड एकाच अखंड रेकॉर्डिंगमध्ये मिळणं ही या किमतीत मोठी गोष्ट आहे, कारण टँकर दुसऱ्यांदा येऊन थांबत नसतो.

मग फोन का नको? फोन वाईट आहे म्हणून नव्हे. तो बोलण्यासाठी घडवलेला आहे. बरेच फोन शांततेत पातळी आपोआप वर खेचतात, मोठा आवाज आला की दाबतात, आणि मागचा सततचा आवाज कचरा समजून पुसतात. ज्वारीच्या पानांची सळसळ, दूरच्या मोटारीची घरघर हाच तुमचा मजकूर असतो आणि फोन नेमका तोच खोडून ठेवतो. वर पातळी खालीवर होत राहिल्यामुळे टँकर जवळ येतोय की फोनच आवाज वाढवतोय, ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

आता गोष्टीकडे. सुरुवात कोरड्या हापशाने. गावोगावचा इंडिया मार्क दोन हापसा सत्तरच्या दशकात घडला. त्याच्या आधीच्या पिढीत सोलापूर पंप आणि जालना पंप ही नावं येतात, म्हणजे आवाज तसा घरचाच. दांड्याच्या मुळाशी पेटीत साखळी असते आणि ती खालच्या रॉडला उचलते. पाणी असेल तर दाबीसरशी तोटीतून धारेचा भक्क होतो. नसेल तर तोटीतून नुसता हवेचा उसासा आणि वर लोखंडाचा खडखडाट. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि ते दोन वेगळ्या जागांवरून घ्यावे लागतात. एकदा रेकॉर्डर दीड मीटरवर, कमरेच्या उंचीला, हापशासमोर. मग तोटीपासून ३० सेंमीवर. पहिल्यात माणूस राबतोय हे कळतं, दुसऱ्यात पाणी नाही हे कळतं. एकाच जागेवरून दोन्ही मिळवायला गेलं की लोखंड एवढं वर येतं की उसासा ऐकूच येत नाही. गोष्टीत सहा दाब्या पुरतात: पहिल्या तीन जोमाच्या, पुढच्या दोन सावकाश, शेवटची अर्ध्यावर सोडलेली. बारा घेतल्या तर ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी व्यायाम करतंय.

यानंतर घागर ओट्यावर टेकवल्याचा आवाज. स्टीलची किंवा पितळेची घ्या. प्लॅस्टिकची घागर खरी असली, सगळीकडे तीच दिसत असली, तरी कानाला ती बादली, डबा, खुर्ची काहीही वाटते. रिकामं धातूचं भांडं सिमेंटवर टेकलं की घुमतं. अर्धं भरलेलं टेकलं की तो घुमार मेलेला असतो. शेवटी हीच घागर पुन्हा टेकवायची आहे, म्हणून दोन्ही वेळा तीच घागर, तोच ओटा आणि तेच अंतर ठेवा. ४० सेंमी ठीक. इथं फरक पडला तर शेवट निसटतो.

टँकर येण्याचं दृश्य, म्हणजे श्राव्य म्हणायला हवं, सगळ्यात जास्त लोक बिघडवतात. हॉर्न ऐकू आला की रेकॉर्डर हातात धरून गाडीकडे निघतात. मग येणारी गाडी आणि चालणारा माइक यांची सरमिसळ होते आणि अंतराचा हिशेब मोडतो. रेकॉर्डर तिपाईवर एकाच जागी ठेवा, तोंड रस्त्याकडे, आणि गाडी दिसायच्या बरीच आधी चालू करा. उघड्यावर अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ३०० मीटरवरून १५० मीटरवर येताना जेवढी वाढ, तेवढीच १० वरून ५ वर येताना. म्हणून खरा टँकर बराच वेळ रेंगाळल्यासारखा वाटतो आणि शेवटी एकदम अंगावर येतो. संगणकावर आवाजाची रेघ सरळ चढवून बनवलेला टँकर लगेच खोटा वाटतो तो यामुळेच. शिवाय लांबून येताना बारीक आवाज हवेत विरतात, नुसती घरघर पोचते. पत्र्याची खडखड, ब्रेकची करकर मागाहून येते.

तिपाई थेट जमिनीवर नको. टँकरचा हादरा जमिनीतून चढतो आणि फाइलमध्ये खालच्या पट्टीत धडधड बसते. चार पदरी वाकळ घालून तिच्यावर तिपाई ठेवली की बराच फरक पडतो. याच कारणाने हे यंत्र हातात धरून वापरू नये. प्लॅस्टिकचं हलकं अंग आहे, अंगठा सरकला तरी माइकला ऐकू जातं. हातात धरावंच लागलं तर खाली छोटी तिपाई मिटवून लावा आणि तिला मूठ म्हणून धरा.

झुंबड सोपी आहे. चपला, हंड्यांवर हंडे, ओढलेलं टिपाड. इथं एक निर्णय घ्यावा लागतो: माणसांचे आवाज किती ठेवायचे? शब्द कळले की ऐकणारा शब्दांच्या मागे जातो. कोण कुणाला काय म्हणालं यात अडकतो आणि घागर विसरतो. शिवाय टँकरखालचं भांडण नावानिशी होतं. चेहरा नसला तरी आवाज गावात ओळखू येतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आहेच. माइक सात-आठ मीटर मागे घेतला की गलका राहतो आणि शब्द विरघळतात. राग कळतो, रागाचं कारण कळत नाही. नेमकं तेच हवं. आणि एक. शेजारच्या मोबाइलवर सिनेमातलं गाणं वाजत असेल तर ते थांबवा किंवा तो भाग पुन्हा घ्या. पुढे यूट्यूबवर टाकताना तेवढ्यावरून अख्खी गोष्ट अडकते.

आता घागर. रेकॉर्डर तोंडापासून साधारण २० सेंमीवर, पण बाजूला, कलता. थेट वर धरला तर पाणी शिरताना बाहेर पडणारी हवा माइकवर येते आणि फडफड होते. शिंतोड्यांचा धोका वेगळाच, या यंत्राला पाण्यापासून कसलंही संरक्षण नाही. चढण का येते याचा ढोबळ हिशेब असा: उभ्या सरळ भांड्यात पाण्यावर ३० सेंमी हवा उरली असेल तर ती सुमारे २८५ हर्ट्झला घुमते, १० सेंमी उरली की ८६० च्या आसपास. घागरीला पोट आहे, गळा आहे, त्यामुळे आकडे असे सरळ येत नाहीत, चढण तीच. महत्त्वाचं हे की धार सारखी हवी. धार जोराची असेल तर खळखळाट चढणीला गिळतो. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीची धार, भांड्याच्या मध्यभागी, उंचीवरून नाही. तीन घागरी पूर्ण भरून रेकॉर्ड करा, चौथी अपुरी. गोष्टीत पहिली घागर पूर्ण भरलेली ऐकू आली नाही तर शेवटची अपुरी राहिली हे कळणार कसं? कान आधी तयार करावा लागतो. पहिली अखंड, दुसरी थोडी कापून, तिसरी म्हणजे ती अपुरी, चढता चढता तुटलेली. तुटल्यावर दोन सेकंद काहीही घालू नका.

शेवट टँकर निघून जाण्याचा, मग अपुरी घागर ओट्यावर टेकल्याचा, आणि सगळं शांत झाल्यावर हापशाची एक दाबी. एकच.

टँकरऐवजी गोष्ट आडावर न्यायची असेल तर तिथलं माप वेगळं आहे. दगड टाकल्यावर डुबुक ऐकू यायला पाणी ५ मीटर खाली असेल तर सुमारे १ सेकंद लागतो, २० मीटर खाली असेल तर सुमारे २. पावसाळ्यातला आड आणि चैत्रातला आड यांतला फरक या एका सेकंदात सांगता येतो. संपादन करताना लोक ही मधली जागा 'रिकामी' म्हणून छाटतात! ती छाटली की आड भरला. पोहऱ्याचं चऱ्हाट रहाटावरून सुटण्याचा आवाजही तसाच. किती वेळ सुटतंय त्यावर खोली ठरते. रेकॉर्डर आडाच्या काठावर ठेवताना दोरीने कशाला तरी पक्का बांधून ठेवा. आत पडलेला रेकॉर्डर बाहेर काढण्याची पद्धत नियमावलीत दिलेली नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गैरसमजाची: ३२-बिट म्हणजे आवाज कधीच फाटत नाही, हे खरं नाही. फाइल फाटत नाही. माइकची स्वतःची मर्यादा १२० डेसिबल दिलेली आहे, त्यापुढे माइकच वाकडा बोलतो आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. हलगी, संबळ, ट्रकचा प्रेशर हॉर्न, पोतराजाच्या आसुडाचा फटकारा, लग्नातले सुतळी बॉम्ब. हे हातभर अंतरावरून घेऊ नका. हलगीला तीन मीटर, कडाडणाऱ्या फटकाऱ्याला चार-पाच, तेही बाजूने. अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल सुटतात, हा हिशेब इथंही लावता येतो. खंडोबाच्या माळेगावच्या जत्रेत किंवा तुळजापूरला संबळाजवळ जाऊन घेण्याचा मोह होतो. थोडं मागे उभं राहिलात तर संबळाबरोबर तुणतुणंही मिळेल, जे जवळून मिळत नाही.

दुसरी उणीव वारा. मराठवाड्याच्या पठारावर फेब्रुवारी सरला की दुपारी मोकळ्या रानात उघड्या माइकने काही घेणं म्हणजे फाइलभर ढगांचा गडगडाट आणणं. केसाळ विंडस्क्रीन वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती ऐच्छिक समजू नये. स्पंजची टोपी घरात बोलण्यापुरती ठीक, रानात नाही. शिंप्याकडून शिवून घ्यायची असेल तर लांब केसांचं कृत्रिम फरचं कापड घ्या, केस अडीच-तीन सेंमी, आणि आत जाळीचा सांगाडा ठेवा म्हणजे कापड आणि माइक यांच्यात बोटभर स्थिर हवा राहील. कापड माइकला चिकटलं की उपयोग निम्म्यावर येतो. टॉवेल गुंडाळला तर वाराही येतो आणि बारीक आवाजही जातो. यंत्रात लो-कटची, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज कापण्याची सोय आहे, पण ती वापरण्याआधी विचार करा. रेकॉर्डिंगच्या वेळी कापलेलं परत येत नाही, आणि टँकरची घरघर तिथंच खाली राहते. घरी सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झखालचं कापून बघता येतं. नाही आवडलं तर मागे फिरता येतं. सोपा इलाज वेळेचा आहे: पहाटे साडेपाच ते सात. वारा पडलेला, पाखरं जागी, मोटारी अजून सुरू नाहीत.

तिसरी उणीव खरखर. शांत जागी माइकची स्वतःची सूं ऐकू येते आणि ३२-बिटमुळे ती कमी होत नाही. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला दूरच्या टेकडीवरची केकावली घ्यायला गेलात तर केका मिळेल, पण दोन केकांच्या मधली शांतता वर ओढली की सूं वर येईल. सॉफ्टवेअरमधली आवाज-सफाई पाच-सहा डेसिबलच्या पुढे नेली की सगळं पाण्याखालून आल्यासारखं गुळगुळतं. त्यापेक्षा जवळ जा, किंवा त्याच जागेचा पहाटेचा किलबिलाट हलकेच खाली अंथरा. निसर्गाचे अगदी हळू आवाज हाच तुमचा मुख्य विषय असेल तर हा रेकॉर्डर तुमच्यासाठी नाही. घेतलाच तर बाहेरचा चांगला, कमी खरखरीचा माइक लावूनच त्याला वापरा.

स्टिरिओ कसा आहे? समोरचं डावं-उजवं स्वच्छ येतं. आणि दोन्ही माइक एका ठिकाणी असल्याने फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकलं तरी काही गायब होत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण तुमचे बहुतेक श्रोते तसेच ऐकणार. मागून येणारं मात्र मळकट येतं. लातूरच्या गंजगोलाईत, जिथं सोळा रस्ते एका गोलाला येऊन मिळतात, मध्ये उभं राहून सगळीकडचा आवाज मिळेल अशी आशा करू नका. एक कडा निवडा, तिच्याकडे तोंड करा, फेरी मारणारा हातगाडा डावीकडून उजवीकडे जाऊ द्या. संभाजीनगरच्या पाणचक्कीवर वेगळाच धडा मिळतो. सतत पडणारं पाणी रेकॉर्ड केलं की फाइलमध्ये ते टीव्हीच्या खरखरीसारखंच वाटतं. पाणी आहे हे कळायला त्याच्याकडे येणारी पावलं, हौदात बुडवलेला हात, असं काहीतरी त्याच्यावर घडावं लागतं.

सेल आणि कार्ड पटकन. अल्कलाइन सेलवर सुमारे १० तास धरून चाला. रिचार्जचे सेल घातले तर मेनूमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर उरलेला चार्ज चुकीचा दिसतो. पॉवर बँकवर चालतो, पण कित्येक पॉवर बँका एवढी थोडी वीज ओढली जातेय हे बघून काही मिनिटांत स्वतःच बंद होतात. आधी घरी अर्धा तास चालवून बघा. ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओला मिनिटाला सुमारे २३ एमबी लागतात, तासाला १.४ जीबीच्या आत. ३२ जीबीच्या कार्डवर वीस तास सहज. ९६ किलोहर्ट्झची गरज नाही, निव्वळ जागा दुप्पट जाते. कार्ड यंत्रातच फॉरमॅट करा. रेकॉर्डिंग थांबवून फाइल लिहून झाल्यावरच सेल काढा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एवढं बीड-परभणीच्या माणसाला सांगायला नको.

एक चांगली गोष्ट, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही: मेनू बोलून दाखवण्याची सोय यात आहे. डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला हे यंत्र बऱ्यापैकी एकट्याने चालवता येतं. मराठीत बोलत नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं. तरी आवाजातूनच गोष्ट सांगायची तर हे यंत्र त्यांच्या हाती आधी जायला हवं.

याच कंपनीचा आधीचा रेकॉर्डर, जुना एच१एन, कुणी स्वस्तात देत असेल तर? तो २४-बिटचा आहे, पातळीचं चक्र आहे, कार्ड ३२ जीबीपर्यंतच. आडाच्या, हापशाच्या आवाजाला तो पुरेसा आहे. टँकरच्या झुंबडीत मात्र पातळी सर्वांत मोठ्या आवाजावर लावावी लागेल: आधी दोन हंडे एकमेकांवर आपटून बघा, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढं चक्र ठेवा आणि नंतर हात लावू नका. ऑटो-लेव्हल बंद, नाहीतर फोनचंच दुखणं इथं येतं. टॅसकॅमचा डीआर-०५एक्स हा दुसरा पर्याय. त्याचे माइक सगळ्या दिशांनी ऐकणारे, त्यामुळे वारा आणि हाताची खुडबूड थोडी कमी त्रास देते, मर्यादाही १२५ डेसिबलची. पण डावं-उजवं तितकं सुटं येत नाही आणि ३२-बिट फ्लोट नाही. एकट्याने, एकाच फेरीत, न ठरलेल्या प्रसंगाचा आवाज घ्यायचा असेल तर एच१ इसेन्शियलच.

संपादनात फसगत कुठं होते तेही सांगायला हवं. फ्लोटची फाइल थेट फोनवर लावली की कधी अगदी बारीक ऐकू येते, कधी फाटलेली. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, शून्य डेसिबलच्या वर गेलेला भाग खाली आणा आणि मगच १६ किंवा २४-बिटमध्ये बाहेर काढा. हा क्रम उलटा केला, आधी १६-बिट केलं आणि मग आवाज कमी केला, तर शेंडे कायमचे कापले जातात आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया जातं.

प्रत्येक जागेवर काहीही घडत नसताना दोन मिनिटं नुसती जागा रेकॉर्ड करून आणा. हापसा संध्याकाळी घेतला आणि घागर सकाळी, तर एका तुकड्यात रातकिडे असतात, दुसऱ्यात नसतात, आणि जोडावर किडे एकदम मेल्यासारखे वाटतात. ही दोन मिनिटं खाली अखंड पसरली की जोड झाकतो. गावातली वीज गेल्यावरची वेळ यासाठी उत्तम. पंख्याचा, फ्रिजचा, रोहित्राचा गुंगाट नसतो. लोडशेडिंगचं वेळापत्रक एवढ्या आनंदाने वाचणारी जमात दुसरी नसेल.

फोनच्या स्पीकरवर टँकरची घरघर जवळजवळ ऐकूच येत नाही. एवढा छोटा स्पीकर ती पट्टी वाजवूच शकत नाही. म्हणून टँकर ओळखू यायला नुसतं इंजिन पुरत नाही. ब्रेकमधून सुटणारी हवा, झाकणाचा पत्रा, गिअरची खरड यांतलं एक तरी ठेवा. तयार गोष्ट हेडफोनवर, फोनवर आणि एसटीत बसून, अशी तीनदा ऐका. मग ज्याला काहीच माहीत नाही अशा कुणाला ऐकवा आणि 'कशी वाटली' असं विचारू नका, 'काय झालं' असं विचारा. 'पाणी संपलं' असं उत्तर आलं तर बरं. 'पाऊस पडला का?' असं आलं तर घागर पुन्हा घ्यावी लागेल, बहुधा धार फार जोराची होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा. नाहीतर बारीक आवाज दाबले जातात आणि थेंबांचा पत्ता लागत नाही. शेवटच्या दाबीनंतर चार-पाच सेकंद त्याच जागेची शांतता ठेवून फाइल संपवा, कारण ग्रुपवर त्या खालीच कुणाच्या तरी वाढदिवसाचा व्हिडिओ आपोआप सुरू होणार आहे.